लंबू अजून बाहेर आहे

माझ्या कीबोर्डवरची एक कळ गुळगुळीत झाली आहे. बाकीच्या कळांवरून बोट फिरवलं तर किंचित खरखर लागते, तिच्यावर लागत नाही. प्रयोगशाळेतलं भिंग घरी आणून मी ती पाहिली. अक्षराची पांढरी शाई मधोमध पूर्ण गेली आहे, कडेला नखाएवढा तुकडा उरला आहे, आणि झीज डावीकडे जास्त आहे, कारण मी ती तिरक्या बोटाने दाबते. आईच्या कीबोर्डवर दुसरीच कळ झिजली आहे. दोन्ही कीबोर्ड एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेले आणि दोन्हींवर आम्ही एकच खेळ खेळतो.

माझी कळ गाड्यांना सांगते, 'इथेच थांबा'. आईची सांगते, 'परत या'.

खेळाचं नाव 'धुळीनंतर'. जगावरून धुळीचं मोठं वादळ जाऊन शहरं गाडली गेली आहेत आणि उरलेल्या मूठभर माणसांना घेऊन आपण वस्ती उभी करायची. विहीर खणायची, भंगार गोळा करायला ट्रक पाठवायचे, त्या भंगारातून भिंती, पवनचक्क्या आणि चिलखती गाड्या बनवायच्या, आणि लुटारू आले की त्यांना तोंड द्यायचं. बुद्धिबळासारखी यात आळीपाळी नसते. तुम्ही डोकं धरून विचार करत बसलात म्हणून लुटारू थांबत नाहीत आणि विहिरीचं पाणी आटायचंही थांबत नाही. सगळं एकदम चालू असतं आणि सगळीकडे आपल्यालाच बघावं लागतं.

आईला ते पहिल्याच दिवशी पटलं. "हे तर आपलं आगार," ती म्हणाली.

आई बसच्या आगारात वाहतूक नियंत्रक होती. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कुठली वाटेत बंद पडली, तिच्या बदली कोणाला पाठवायचं, हे तिने उभा जन्म केलं. निवृत्त झाल्यावर ती जिन्यात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी ताठ झाली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बोटं रोज हलती ठेवायला सांगितली, विणकाम सुचवलं.

"चांगल्या हाताने मी कधी टाका घातला नाही, आता मोडक्या हाताने घालू?" आई रिक्षात बसल्यावर म्हणाली. बाईंसमोर तिने मान डोलावली होती.

मग माझ्या धाकट्या भावाने, ढब्बूने, हा खेळ आणून दिला. तो दुसऱ्या शहरात राहतो आणि आता अगदी सडपातळ आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याने बैठकीच्या खोलीत दोन समोरासमोरच्या भिंतींना दोन टेबलं लावली, दोन संगणक जोडले. आम्ही पाठीला पाठ करून बसतो. आईची खुर्ची करकरते, त्यामुळे ती पुढे वाकली की मला न बघता कळतं.

"ह्यात बोटं हलतात," तो जाताना म्हणाला. "डोकं हललं तर तो नफा."

भंगाराच्या ट्रकांना खेळात नुसते आकडे असतात, पण नावं देता येतात. आईने आपल्या जुन्या ड्रायव्हरांची टोपणनावं दिली. घुम्या, मामा, बिनदात, लंबू. त्यातला लंबू तिचा लाडका. प्रत्येक खेपेला तो टेकडीला उलटा वळसा घालून शेवटी येतो.

"अरे, सरळ रस्ता सोडून तिकडे कुठे निघालास? सासुरवाडी आहे का तिथे तुझी?"

सगळे ट्रक एकाच नियमाने चालतात, हा फक्त ज्या कोपऱ्यातून निघतो तिथून टेकडीची ती बाजू थोडी जवळ पडते, असं मी एकदा तिला नकाशावर दाखवलं.

"तू ओळखतेस का त्याला?" आईने विचारलं. "खरा लंबूही असाच होता. गाडी उशिरा आणायचा. पण आणायचा."

आगाराचा एक रिवाज तिने खेळातही चालू ठेवला. शेवटची गाडी आत आल्याशिवाय फाटक लावायचं नाही. लुटारू क्षितिजावर दिसू लागले की खेळणारा कुठलाही शहाणा माणूस फाटक बंद करतो. आई 'परत या' ची कळ दाबत राहते आणि फाटक सताड उघडं ठेवून लंबूची वाट बघते. लंबू येतो, आणि त्याच्या मागोमाग लुटारूही येतात.

माझी खोड वेगळी. मला चिलखती गाड्या घेऊन पुढे जायचं असतं, नवी विहीर शोधायची असते. मी निघते. पण निघण्यापूर्वी निम्म्या गाड्या आईच्या फाटकाशी नेऊन उभ्या करते आणि ती गुळगुळीत कळ दाबते. फाटक उघडं राहणार हे मला माहीत असतं. मग उरलेल्या निम्म्या गाड्या घेऊन मी जाते ती अर्थातच मार खाऊन येते.

तरी आम्ही रखडत रखडत शेवटच्या मोहिमेपर्यंत पोहोचलो, आणि तिथे अडकलो ते सहा महिने अडकूनच राहिलो.

ती मोहीम अशी आहे. दोघींच्या वस्त्या एका डोंगराच्या पायथ्याशी, आणि दोन्ही विहिरी आटत आलेल्या. समोर मिठाचं लांबच लांब पठार आणि त्याच्या पलीकडे गोड्या पाण्याचं तळं. एकीने माणसं आणि गाड्या घेऊन पठार ओलांडायचं. दुसरीने मागे राहून डोंगरावरच्या मनोऱ्यातला दिवा पेटता ठेवायचा, कारण पठारावर दिशा कळायला तेवढी एकच खूण असते. खिंड ओलांडली की एकीला दुसरीचं काही दिसत नाही. जाणारीला मागे फक्त तो दिवा दिसतो, कणाएवढा.

जायचं मी आणि राहायचं आईने, हे ठरलेलंच होतं. पण आईच्या संगणकावर धोक्याचा भोंगा वाजला की तो मला पाठीमागून ऐकू यायचा, आणि मी गाड्या वळवायचे. वळलेला तांडा लुटारूंना आयताच सापडायचा.

ढब्बू कधी कधी फोनवरून आमचा खेळ बघायचा. एकदा म्हणाला, "तुम्ही दोघी एकमेकींना वाचवण्यात इतक्या गुंग असता, की लुटारूंना फारसे कष्टच पडत नाहीत. बिचारे लाजत असतील."

"तू गप," आई म्हणाली. "ताईला शिकवू नकोस."

त्याच सुमारास बाईंचे फोन येऊ लागले. बाई म्हणजे माझ्या संशोधनाच्या दिवसांतल्या मार्गदर्शक. मी आता शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. टाक्यांतून आणि नळांतून आलेले नमुने तपासते, क्लोरीन मोजते, गढूळपणा मोजते. काम चांगलं आहे. पण माझं शिक्षण सरोवरांच्या पाण्यावर झालं होतं, आणि बाई आता उंच डोंगरांतल्या सरोवरांचं पाणी मोजायचं एक केंद्र सुरू करत होत्या. दोन वर्षं तिथेच राहायचं. हिवाळ्यात रस्ता बंद, फोन लागला तर लागला. केंद्र सांभाळायला त्यांना मी हवी होते.

फोन आला की मी स्वयंपाकघरात जायचे, दार लोटून घ्यायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "कळवते, बाई."

जायचं की नाही, याचा मी विचार करत होते असं म्हणणं बरोबर होणार नाही. जायचं होतं. पहिल्या फोनच्या दिवशी मी बसने घरी येताना त्या सरोवरांचे नकाशे मनात आठवत होते आणि माझा थांबा मागे गेला होता. अडचण बरण्यांची होती.

आईचं मनगट बरंच सुधारलं, पण पीळ देताना त्यात जोर येत नाही. त्यामुळे रोज सकाळी प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी मी फळीवरच्या सगळ्या बरण्यांची झाकणं जराशी सैल करून ठेवते. साखर, डाळी, लोणचं, कॉफी. आई ती दिवसभर वापरते. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी दोन वर्षं गेले तर झाकणं कोण सैल करणार, हा प्रश्न ऐकायला फार छोटा वाटतो, आणि म्हणूनच मी तो बाईंना सांगू शकत नव्हते.

शेवटी बाई वैतागल्या. "बर्फ पडायच्या आत सामानाची गाडी वर जायला हवी. रविवारी संध्याकाळी फोन करते. हो म्हण, नाही म्हण, पण पुन्हा 'कळवते' म्हणू नकोस. कानाला घट्टे पडले माझ्या."

त्या रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे बरण्यांकडे गेले. साखरेची बरणी घट्ट बंद होती. डाळीची त्याहून घट्ट, ती उघडताना माझंच मनगट दुखलं. मी झाकण आईच्या मनगटासाठी सैल करायचं आणि कोणीतरी ते असं आवळून ठेवायचं, याचा मला काही उलगडा होईना. घरात आम्ही दोघीच. मी सगळी पुन्हा सैल केली.

दुपारी चहा झाल्यावर आई आपल्या टेबलाशी बसली. हातात दाबायचा रबरी चेंडू होता, तो तिने बाजूला ठेवला.

"चल मुंगे, शेवटची लावू."

लहानपणी मी काड्या, खडे, बिया, असलं काय काय घरात ओढून आणायचे, तेव्हापासून मी मुंगी आहे.

सुरुवात नेहमीसारखी झाली. आईचे ट्रक भंगाराला गेले, मी गाड्या बांधल्या, माणसं बसवली. निघायची वेळ आली तशा मी निम्म्या गाड्या आईच्या फाटकाशी नेल्या आणि कळ दाबली.

मागे खुर्ची करकरली.

"ह्या कोणाच्या गाड्या माझ्या फाटकात?"

"माझ्या."

"काय करताहेत?"

"राखण."

"मी मागितली होती?"

मी त्यातली एक गाडी जराशी बाजूला सरकवली.

"आगारात अशी दुसऱ्याची गाडी फाटकात उभी दिसली असती तर मी ड्रायव्हरला आत बोलावून चहाशिवाय परत पाठवला असता," आई म्हणाली. "येण्याजाण्याची वाट अडते. काढ त्या."

"आई, फाटक उघडं राहतं म्हणून मी ठेवते."

"आज नाही राहणार."

मी गाड्या काढल्या. तांडा खिंडीकडे निघाला. खिंडीच्या अलीकडे अजून आईची वस्ती माझ्या नकाशावर दिसत होती, आणि तिच्या पश्चिमेला धुळीचा लोट उठला होता. घुम्या आत आला. मामा आणि बिनदात एकमेकांना धक्के देत आत आले. मग मागून एक आवाज आला जो मी ह्या मोहिमेत आजवर ऐकला नव्हता. लोखंडावर लोखंड घासल्याचा, सावकाश.

मी खुर्चीसकट मागे वळले. आईने फाटक लावलं होतं.

"आई, लंबू बाहेर आहे."

"दिसतंय मला."

"अजून टेकडीच्या मागेच आहे तो."

"त्याला रस्ता माहीत आहे. तू तुझ्या पडद्याकडे बघ, लोक घेऊन निघाली आहेस."

तिचा आवाज अगदी साधा होता, काचेच्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर बोलायची तसा. मी पुढे वळले. तांडा खिंडीत शिरला आणि आईची वस्ती माझ्या नकाशावरून पुसली गेली.

पठारावर करण्यासारखं फार नसतं. गाड्या सावकाश जातात, मीठ चमकतं, पाण्याचा आकडा उतरत जातो. माणसांच्या गाड्या मधे ठेवायच्या, चिलखती बाहेरून. आज त्या पुरेशा होत्या, त्यामुळे चारही बाजू झाकल्या जात होत्या. मागे क्षितिजाशी दिवा दिसत होता. मी त्याच्याकडे पाठ ठेवून तांडा सरळ पुढे नेत होते.

मग आईकडचा भोंगा वाजला.

माझं बोट त्या गुळगुळीत कळेवर गेलं, कोणी न सांगता. थांबा, आणि वळा. सहा महिन्यांत बोटाला तेवढंच पाठ झालं होतं. मागे भिंत कोसळल्याचा आवाज आला. आई पुटपुटत होती, "या बाबांनो, या, आज जागा नाही, पुढच्या गाडीने या." मी डावा हात उचलला आणि मांडीखाली घालून त्यावर बसले. पुढचं पठार मी एका उजव्या हाताने ओलांडलं.

मधेच लुटारूंच्या दोन टोळ्या माझ्यावरही आल्या. चिलखती गाड्यांनी त्या परतवल्या. एक पाण्याची टाकी गेली. दिवा एकदा दिसेनासा झाला, पण ती नुसती धूळ होती, ती सरकली तेव्हा तो पुन्हा तिथेच होता.

आणि मग पांढऱ्या मिठाच्या कडेला निळी रेघ दिसली. पहिली गाडी तळ्याच्या काठाला लागली आणि पडद्यावर अक्षरं आली, की मोहीम पूर्ण झाली.

मोहीम संपली की सगळा नकाशा उघडतो, म्हणून मी उठून आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तिच्या वस्तीची दुर्दशा झाली होती. दक्षिणेची भिंत पडली होती, एका पवनचक्कीला पातंच नव्हतं. मनोऱ्यावर दिवा जळत होता. आणि फाटकाबाहेर, उलथलेल्या जुन्या टाकीच्या आडोशाला, भंगाराने गच्च भरलेला एक ट्रक उभा होता.

"उशिरा," आई म्हणाली.

तिने फाटक उघडलं आणि आपली झिजलेली कळ दाबली. लंबू टाकीला उलटा वळसा घालून आत आला.

"तू सराव केलास," मी म्हणाले.

"ढब्बूबरोबर. तू कामावर असतेस तेव्हा तो त्याच्या घरून जोडून घेतो. त्याचं बरं आहे, तो मागे वळूनसुद्धा बघत नाही, सुटतो तो सुटतोच. पहिल्यांदा फाटक लावलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. मग सवय झाली."

ती उठली आणि स्वयंपाकघराकडे गेली. मी मागोमाग गेले. तिने फळीवरून साखरेची बरणी काढली, झाकण डाव्या हाताने आवळून घट्ट केलं आणि बरणी माझ्या हातात दिली.

"उघड बघू."

मला ती उघडता आली नाही.

"दे इकडे." तिने ओट्याखालचा खण ओढला, बरणी त्यात उभी ठेवली, कंबरेने खण ढकलून बरणी खण आणि ओट्याच्या मधे पकडली आणि झाकणाला ओला रबरी कपडा गुंडाळून दोन्ही हातांनी पीळ दिला. झाकण फिरलं. साखर सांडली नाही.

"तूच आवळून ठेवलेली होतीस," मी म्हणाले.

"मग? तू रोज सैल करून ठेवल्यावर मी शिकू कशावर?" तिने खण बंद केला. "आणि एक सांग. त्या तुझ्या बाईंचा फोन आला की तू इथे येऊन नळ सोडतेस. मला ऐकू जाऊ नये म्हणून."

मी नळाकडे पाहिलं.

"लोकांचं पाणी तपासणारी बाई, आणि बादलीभर पाणी असं सोडून देते. मी काही बहिरी नाही, मुंगे. नळाच्या आवाजात तू आणखी मोठ्याने बोलतेस. सरोवरांची नावंसुद्धा पाठ झाली आहेत मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते." तिने ओट्यावरून फडकं फिरवलं, जिथे काही सांडलं नव्हतं तिथेही. "आणि खरं सांगायचं तर, तू नाही सांगितलंस तेही मला बरं वाटत होतं. तेव्हा दोघींनी मिळून रखडवलंय हे. एकटीवर घेऊ नकोस."

"मनगट?"

"मनगट माझं आहे. ढब्बू महिन्यातून एकदा येणार आहे, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तो आला नाही तर मी त्याच्याकडे जाऊन बसेन आणि त्याच्या बायकोला त्याच्या लहानपणीच्या गोष्टी सांगेन. तो येईल."

"फोन लागणार नाही तिथे, हिवाळ्यात."

"लागला तर लाव. नाही लागला तर मी समजेन, रस्त्यात आहे." तिने फडकं झटकून नळावर टाकलं. "मला आयुष्यभर हेच करावं लागलंय ना, गाडी दिसत नसली तरी ती चालू आहे असं धरून बसायचं. त्यात मी कच्ची नाही."

खिडकीतून तिरपं ऊन ओट्यावर आलं होतं. मी तिचं मनगट हातात घेतलं. हाड जिथे जुळलं होतं तिथे एक बारीक उंचवटा आहे, अंगठ्याखाली लागतो. पूर्वी तो हात धरला की ती नकळत मागे ओढायची. आज तिने ओढला नाही.

बैठकीच्या खोलीत माझा फोन वाजू लागला. मी तो आणायला गेले आणि सवयीने घेऊन पुन्हा स्वयंपाकघरात आले. आई नळासमोर हाताची घडी घालून उभी होती, फाटकात उभी राहावी तशी.

मी फोन कानाला लावला.

"बोल," बाई म्हणाल्या. "आणि तो शब्द काढू नकोस."

आईने साखरेच्या बरणीचं झाकण लावायला घेतलं. तिने ते घट्ट लावलं.

"बाई," मी म्हणाले, "मी येतेय."